मुंबई-नागपूर विमानाने ६८५ किमी, मग दीड तास कसा काय लागतो?

आधारवाडी | मंगळवार, रात्री १०:४०

मंडळी, डिसेंबरात बायकोच्या मावसभावाचं लग्न आहे नागपूरला, प्रताप नगरात. जाणारे आम्ही पाच, मी, बायको, दोन पोरं आणि आमची आई, वय ७४, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. राहायला कल्याण पश्चिम. आत्तापर्यंत कायम विदर्भ एक्सप्रेसने गेलोय, पण आता आईला खालचा बर्थ मिळाला तरी रात्री दोनदा उठून हलत्या डब्यातून बाथरूमपर्यंत जाणं जमत नाही. त्यामुळे ह्यावेळी विमान असं घरात जवळजवळ ठरलंय. साडू आमच्याच सोसायटीत राहतो, तो म्हणतोय कशाला पैसे घालवता, माझ्या मागोमाग समृद्धीने या, तुमच्या आधी पोचून दाखवतो.

आता माझा प्रश्न. नेटवर बघितलं तर दोन विमानतळांमधलं सरळ अंतर ६८५ किमीच्या आसपास दाखवतंय. विमानाचा वेग ताशी ८००-८५० धरला तर पन्नास मिनिटं झाली. तिकिटावर मात्र कुठे १ तास २५, कुठे १ तास ३५. ही मधली चाळीस मिनिटं जातात कुठे? आणि मुळात कल्याणच्या माणसाने ह्या दीड तासावर विश्वास ठेवावा का?

वऱ्हाडी_ठेचा | मंगळवार, रात्री ११:०५

काहून येवढा हिशोब करून राहिले भाऊ. लग्नाले या, जेवा, जा. पोहोचल्याशी मतलब.

खिडकीशेजारी | मंगळवार, रात्री ११:५०

प्रश्न चांगलाय, जरा लांबण लावतो, वैतागू नका.

तिकिटावरची वेळ ही उडण्याची वेळ नसतेच. दार लागलं, ब्रेक सुटले, ट्रॅक्टरने विमान मागे ढकललं, तिथपासून ते पलीकडे स्टँडवर थांबून परत ब्रेक लागेपर्यंत, ह्या सगळ्याला ब्लॉक टाइम म्हणतात आणि तोच तिकिटावर छापतात. ह्या मार्गावर प्रत्यक्ष हवेत साधारण १ तास ५ ते १० मिनिटं. उरलेलं जमिनीवर चाकांवर फिरण्यात आणि रांगेत. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, ०९/२७ ही ३,४४८ मीटरची आणि १४/३२ ही २,८७१ मीटरची, पण दोन्ही एकमेकींना छेद देतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. घरात दोन बाथरूम आणि मोटर एकच असली की सकाळी जे होतं ते तिथे दिवसभर चालू असतं.

दुसरं म्हणजे तुमचा ८०० चा वेग हा वर पोचल्यानंतरचा. दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटची मर्यादा असते, म्हणजे ताशी ४६० किमीच्या आसपास. चढायलाच वीसेक मिनिटं जातात. उतरण्याचा ढोबळ नियम असा की हजार फुटांतल्या उंचीची तिप्पट करा, तेवढे सागरी मैल आधी खाली यायला लागायचं. ३५ हजार फुटांवर असाल तर १०५ सागरी मैल, म्हणजे जवळपास २०० किमी आधी. नकाशावर बघा, नागपूरसाठी हे ठिकाण कारंजा लाडच्या आसपास येतं. म्हणजे ६८५ पैकी पूर्ण वेगाचे उरले किती, फार तर साडेतीनशे-चारशे. पोरांना सांगा, चहाचा कप परत घ्यायला आले की कारंजा आलं समजायचं.

आणि तिसरी गंमत. मुंबईत बहुतेक दिवस ०९/२७ ही धावपट्टी २७ च्या बाजूने वापरात असते, म्हणजे उडताना तोंड पश्चिमेला. नागपूर पूर्वेला. म्हणजे आधी जुहूवरून समुद्रावर जायचं, मग वळसा घालून परत जमिनीकडे. तुमचे सुरुवातीचे पंधरा-वीस किमी उलट दिशेला जातात. येताना मात्र ह्याचाच फायदा होतो, पूर्वेकडून आलात की घाटकोपरवरून सरळ धावपट्टीवर.

मधली_सीट | बुधवार, सकाळी ७:३०

मग जाताना वळसा आणि येताना सरळ असेल तर येतानाचं तिकीट कमी वेळेचं पाहिजे ना. मी तर कायम बघितलंय की येताना तेवढाच किंवा पाच-दहा मिनिटं जास्तच दाखवतात.

खिडकीशेजारी | बुधवार, सकाळी ८:१५

कारण वारा आणि मुंबईची रांग.

हिवाळ्यात वरच्या हवेत जोरदार पश्चिमी वारे असतात, जाताना पाठीवर, येताना छातीवर. हिशोब करून बघा. चारशे किमीचा वरचा टप्पा, विमानाचा स्वतःचा वेग ८३०, वारा ताशी १०० धरला तर जाताना २६ मिनिटं आणि येताना ३३. फरक सात मिनिटांचा. लंडन-अमेरिकेच्या फ्लाइटला हाच फरक तास-दीड तासाचा होतो, आपल्याकडे छोट्या अंतरात तो वेळापत्रकात जिरून जातो.

आता पावसाळ्यातली गंमत. जून ते सप्टेंबर हे चित्र उलटं होतं, दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून वाहणारा झोत तयार होतो, त्यामुळे आपल्या पट्ट्यातही वरचा वारा पूर्वेकडून. जमिनीवर नैऋत्येचा मान्सून अंगावर येतोय आणि वर वारा बरोबर उलटा. म्हणजे जुलैत नागपूरहून मुंबईला येणाऱ्या विमानाला पाठीवर वारा मिळतो. फक्त मिळवलेली ती पाच मिनिटं मुंबईच्या पावसात आकाशात चकरा मारण्यात जातात तो भाग वेगळा.

अजून एक. पूर्वेकडे जाणारी विमानं विषम हजारांवर उडतात, ३३ किंवा ३५ हजार फूट, आणि पश्चिमेकडे येणारी सम हजारांवर, ३४ किंवा ३६. समोरासमोर आली तरी मध्ये हजार फूट. कॅप्टनने उंची सांगितली की पोरांना विचारा आपण कुठल्या दिशेला चाललोय.

भुसावळ_लोको | बुधवार, दुपारी १:२०

विमानवाले बोलले, आता रेल्वेचं ऐका.

सीएसएमटी ते नागपूर लोहमार्गाने ८३७ किमी. हवेपेक्षा दीडशे जास्त. कारण गाडी सरळ जातच नाही, कसाऱ्याला घाट चढते, मग नाशिक रोड, मनमाड, आणि तिथून उत्तरेला जळगाव-भुसावळ, मग खाली अकोला, बडनेरा, वर्धा आणि वर्ध्याहून परत वर नागपूर. इंग्रजांनी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे नेली ती कापसासाठी, खानदेश-वऱ्हाडचा कापूस बोटीवर चढवायचा होता, तुमची आमची पाहुण्यांकडे जायची सोय म्हणून नाही. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली आणि रस्ता अजून तोच आहे.

थळ घाटात, म्हणजे कसाऱ्याच्याच घाटात, ३७ ला १ असा चढ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्यासाठी कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं लावतात आणि इगतपुरीला काढतात. तिथे जी खडखड आणि धक्का बसतो ना तो झोपेत ओळखू येतो मला. दुरंतो अकरा तासांच्या आसपास घेते, विदर्भ त्याहून जास्त, पण संध्याकाळी डबा घेऊन बसलात की सकाळी नागपूर. झोपेतले तास कोण मोजतं? मी तर म्हणतो रात्रीच्या गाडीचा प्रवास शून्य तासांचा.

चकलीबाई | बुधवार, दुपारी २:०५

@भुसावळ_लोको दादा, धागाकर्त्यांनी पहिल्याच परिच्छेदात आईंच्या गुडघ्यांचं लिहिलंय, वाचता का नाही पूर्ण? शून्य तासांचा प्रवास तुमच्यासाठी. ज्या घरात म्हातारं माणूस आहे तिथे रात्रभर एकजण जागा असतो आणि तो कोण असतो हे सांगायला नको.

@आधारवाडी, मी सासूबाईंना दोनदा विमानाने नेलंय म्हणून सांगते. तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा, त्याचे पैसे पडत नाहीत, निदान दोन दिवस आधी तरी सांगून ठेवा. सासूबाई आधी नाही म्हणाल्या होत्या, "मी काय लंगडी आहे का", पण सुरक्षा तपासणीची रांग बघून स्वतःहूनच खुर्चीत बसल्या. सोबतच्या एकाला बरोबर पुढे सोडतात. गोळ्यांचा डबा आणि शाल हातातल्या पिशवीतच ठेवा, मोठ्या बॅगेत टाकली की गेली पट्ट्यावर. आणि वेळ मोजायचीच असेल तर कल्याणच्या घराच्या कुलपापासून प्रताप नगरच्या उंबऱ्यापर्यंत मोजा, विमानतळ ते विमानतळ मोजून काय उपयोग.

घोडबंदर_रोड | बुधवार, रात्री ९:१०

समृद्धी. विषय संपला.

आमने ते नागपूरजवळचं शिवमडका ७०१ किमी. हवाई अंतर ६८५ म्हणताय ना, मग बघा रस्ता किती सरळ काढलाय. डिसेंबर २०२२ ला नागपूर-शिर्डी ५२० किमी सुरू झाला तेव्हा शिर्डीनंतर परत जुन्या रस्त्याला लागायला लागायचं, ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमने हा शेवटचा ७६ किमीचा तुकडा उघडला आणि आता कसारा घाट चढायची भानगडच नाही, पावणेआठ किमीचा बोगदा आहे इगतपुरीला, आत गेलात की पाचेक मिनिटांत डोंगर पार. आमने भिवंडीजवळ, म्हणजे कल्याणकरांच्या तर दारात. मर्यादा १२०. टोल किलोमीटरला २ रुपये ६ पैसे, पूर्ण रस्त्याचे साडेचौदाशेच्या आतबाहेर, त्यात पाच माणसं. पाच विमान तिकिटं लग्नसराईत कितीला पडतात ते सांगा मग बोलू.

मधली_सीट | बुधवार, रात्री ९:४५

७०१ हे आमन्यापासून, ६८५ हे सांताक्रूझपासून. दोन वेगळ्या ठिकाणांहून मोजून तुलना करताय. आमने विमानतळापेक्षा नागपूरला जवळ आहे, त्यामुळे तिथून सरळ रेषा अजून कमी भरेल. रस्ता सरळ आहे हे मान्य, पण एवढापण नाही.

घोडबंदर_रोड | बुधवार, रात्री ९:५२

बरं बाबा गणितमास्तर.

ऑरेंज_सिटीवाला | बुधवार, रात्री १०:३०

समृद्धीबद्दल एकच, टायर. तो काँक्रीटचा रस्ता आहे, सलग तास-दोन तास शंभर-एकशेवीसने चालवलं की टायर तापतात आणि घासलेले टायर दगा देतात. निघण्याआधी हवा तपासा, टायर जुने असतील तर नेऊच नका गाडी. दुसरं, सरळ रस्त्याने डोळे उघडे ठेवून झोप लागते. जालन्याच्या पुढे माझं तसं झालंय, वीस किमी कसे गेले आठवत नाही. तेव्हापासून दर दीड तासाला उतरून तोंड धुतो.

बाकी आमचं नागपूर देशाच्या मध्यावर आहे, कुठूनही या, सारखंच लांब. झिरो माइल बघून जा.

मधली_सीट | बुधवार, रात्री १०:४४

झिरो माइलचा खांब हा इंग्रजांच्या सर्वेक्षणातला दगड आहे, तो देशाचा मध्य आहे हे लोकांनी चिकटवलेलं. अवांतराबद्दल क्षमस्व.

वऱ्हाडी_ठेचा | बुधवार, रात्री १०:५०

याले कोनी लग्नाले बोलावू नका बे.

आरामखुर्ची | गुरुवार, सकाळी ६:२०

मध्य असो वा नसो, त्या जागेचा एके काळी फार मोठा उपयोग झाला आहे. आता कोणाला आठवत नसेल म्हणून लिहितो.

१९४९ सालच्या जानेवारीत आपल्याकडे रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार ठिकाणांहून रात्री एकेक डाकोटा विमान निघायचं आणि चारही मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर उतरायची. तिथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल, प्रवाशांचीही, आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. पुढे बरीच वर्षं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, ही सेवा चालली.

माझे वडील टपाल खात्यात होते आणि आम्ही सोनेगावपासून फार लांब राहत नव्हतो. रात्री आधी लांबून घरघर ऐकू यायची, मग खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि आई झोपेतच म्हणायची, "एक आलं." चौथं आलं की ती कूस बदलायची. वडील सकाळी घरी आले की त्यांच्या शर्टाला गोणपाटाचा आणि लाखेचा वास यायचा.

तेव्हाच्या डाकोटाचा वेग ताशी अडीचशे-तीनशे किमी. तुमचं ६८५ किमीचं अंतर तेव्हाही तेवढंच होतं, वेळ मात्र अडीच-तीन तास. तरी तेव्हा लोक म्हणायचे, काय वेग आहे!

चकलीबाई | गुरुवार, सकाळी ९:००

काका, "एक आलं" वाचून अंगावर काटा आला. ह्यावर वेगळा धागा काढाच.

खिडकीशेजारी | गुरुवार, सकाळी ९:४०

+१ आरामखुर्ची काका. त्यात जोड म्हणून एक अंतराची गोष्ट. दोन्ही शहरांच्या रेखांशात सहा अंशांपेक्षा थोडा जास्त फरक आहे, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा सरासरी पंचवीस मिनिटं आधी मावळतो. घड्याळ एकच, सूर्य दोन.

संध्याकाळच्या विमानाने मुंबईला येत असाल तर तुम्ही सूर्याच्या मागे धावत असता. ह्या अक्षांशावर पृथ्वी ताशी साधारण १,५७० किमीने फिरते, विमान त्याच्या निम्म्याने पश्चिमेला चाललेलं, त्यामुळे सूर्यास्त दुप्पट वेळ टिकतो. एप्रिल-मे असेल तर उजवीकडची खिडकी घ्या. डिसेंबरात मात्र सूर्य विमानाच्या नाकासमोरच मावळतो, पायलटच्या डोळ्यात, आपल्याला फक्त पंखावरचा लाल रंग.

टिटवाळा_लोकल | गुरुवार, दुपारी १२:१५

धागाकर्त्यांसाठी कामाचं. आई बरोबर नसतील तेव्हा कल्याणहून मुंबई विमानतळाच्या टी२ टर्मिनलला टॅक्सी करू नका. लोकलने घाटकोपर, तिथून वर्सोवाची मेट्रो पकडून मरोळ नाका, मरोळ नाक्याला खाली उतरून मेट्रो ३, पुढचंच स्टेशन टी२. मी तर हल्ली असाच जातो. आई असतील तर मात्र टॅक्सीच, मरोळ नाक्याला बदलताना चालणं आहे.

नागपूरला एअरपोर्ट नावाचं मेट्रो स्टेशन आहे पण ते टर्मिनलला चिकटून नाही, मधे रिक्षा लागते. नावावर जाऊ नका.

आधारवाडी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:३०

लग्न लागलं, परत आलो, धागा वर काढतोय. सगळ्यांचे आभार. विमानानेच गेलो आणि चकलीबाईंच्या सल्ल्याप्रमाणे कुलपापासून उंबऱ्यापर्यंत वेळ लिहून ठेवली, मोठ्या पोराने वहीत, त्यामुळे मिनिटाची चूक असेल तर त्याच्याशी भांडा.

पहाटे ५:३० ला कुलूप. टॅक्सीने विमानतळ ७:०५. व्हीलचेअर, तपासणी वगैरे होऊन ७:५० ला गेटसमोर, मग नुसतं बसून, त्यात चहा आणि दोन समोसे ह्याचे जे पैसे गेले ते लिहीत नाही. ९:४० चं विमान, ९:४६ ला मागे ढकललं, रांगेत सातवे. चाकं सुटली १०:०४. खाली समुद्र दिसल्यावर बायको म्हणाली, "अहो, हे गोव्याला चाललंय." कॅप्टनने ३३ हजार फूट सांगितलं तेव्हा धाकटा ओरडला "विषम! पूर्व!" आणि शेजारच्या गृहस्थांनी दचकून पाहिलं. चाकं टेकली ११:११. म्हणजे हवेत ६७ मिनिटं, खिडकीशेजारी ह्यांना साष्टांग. बॅगा ११:३५, प्रताप नगर १२:०५.

एकूण ६ तास ३५ मिनिटं. त्यातला विमान हवेत असलेला वेळ सहाव्या हिश्श्याच्या आसपास.

साडू ५:१५ ला निघाला, एकदा नाश्ता, एकदा चहा, १:४० ला दारात. ८ तास २५ मिनिटं. म्हणजे आम्ही पाच तिकिटांचे पैसे भरून एक तास पन्नास मिनिटं वाचवली. तो हे लग्नाच्या पंगतीत ज्याला त्याला सांगत होता. संध्याकाळी पाठ धरली म्हणून वरातीत मात्र गादीवर आडवा होता, ते मी सांगत होतो.

आईला जपमाळेची सवय आहे, प्रवासात तिच्या हातात माळ असतेच. मी उतरताना विचारलं, कसं वाटलं? म्हणाली, "घरापासून विमानतळापर्यंत सहा माळा झाल्या, तिथे बसून नऊ, आणि विमानात चौथी अर्धी राहिली तोवर पट्टा बांधा म्हणाले. हे एवढंच लांब होतं तर इतकी वर्षं रात्रभर का हलवत नेत होतास मला?"

चकलीबाई | रविवार, रात्री ९:५५

😂😂 आईंना नमस्कार सांगा. सहा माळा हे एकक आवडलं.

भुसावळ_लोको | रविवार, रात्री १०:१०

रेल्वेने गेला असतात तर किती माळा झाल्या असत्या, पुण्याचा विचार करा जरा.

वऱ्हाडी_ठेचा | रविवार, रात्री १०:२०

हे सारं ठीक आहे भाऊ, पन पाटवडी रस्सा खाल्ला का नाही? संत्रा बर्फी नेली का? येवढी मोठी वही लिहिली अन् त्यात जेवनाचं काहीच नाही.

आधारवाडी | रविवार, रात्री १०:३५

रस्सा खाल्ला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कान गरम होते. बर्फीचे तीन डबे घेतलेले, दोन घरी पोचले. एक आईच्या मांडीवर होता, व्हीलचेअरवाल्या पोराला देऊन टाकला तिने, "किती लांब ढकलत आणलंस रे" म्हणून.